आधी बघणाऱ्याने बोलायचं

इनास सरांसमोर नुसतं “चक्कर येते” म्हणून भागायचं नाही. पेशंटने तो शब्द उच्चारला रे उच्चारला की सर पेन खाली ठेवायचे आणि उलटतपासणी सुरू व्हायची. घर फिरतं की तुम्ही फिरता? कुशीवर वळताना येते की उभं राहताना? डाव्या कुशीला की उजव्या? वरच्या फळीवरचा डबा काढताना येते का? आली की किती वेळ राहते, मी तीस मोजेपर्यंत की जेवायची वेळ होईपर्यंत? पेशंट बिचारा घरून उत्तर पाठ करून आलेला असायचा. बीपी लो होतो, गॅस डोक्यात जातो, मानेचा मणका सरकलाय. सर सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “हे तुम्हाला शेजारणीने सांगितलं. आता तुम्हाला काय होतं ते सांगा.”

सर जाऊन आता वर्ष होऊन गेलं. भाईंदर पूर्वेला, जयंतीभाईंच्या फरसाणाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांचा कान-नाक-घशाचा दवाखाना होता. तिथे मी अकरा वर्षं नोकरी केली. माझं मूळ काम ऐकण्याची तपासणी करायचं. पेशंटला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. पण त्या दवाखान्यात ज्याने त्याने आपापलंच काम केलं असं कधी झालं नाही. सरांनी मला डोळे बघायला शिकवले. सरांवर लिहायचा हक्क मला उरलाय की नाही, मला माहीत नाही. पण न लिहून मन थाऱ्यावर येत नाही, हेही तितकंच खरं आहे.

मूळचे ते पालीचे, उत्तनच्या पुढचे. वडिलांची बोट होती, भाऊ अजून समुद्रावर जातात. सर बुटके, खांदे रुंद, आणि हात असे जाड की पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं, हा माणूस जाळं ओढायला बरा, माझ्या नाजूक कानात काय घालणार. गळ्यात बारीक साखळीत क्रॉस, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि पायांत काही नाही. दवाखान्यात आले की चपला दाराशी काढायचे आणि दिवसभर अनवाणी फिरायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, “पायाला फरशी लागली की कानाला मदत होते. बोटीवरचा माणूस पायाने तोल धरतो. तुम्ही शहरातले लोक सगळं काम कानावर टाकता, मग तो रुसतो.” एकदा औषधकंपनीचा टाय लावलेला माणूस आला. त्यालाही त्यांनी बूट काढायला लावून एका पायावर उभं केलं. तो डगमगला. सर म्हणाले, “बघ. आणि तू मला चक्करच्या गोळ्या विकायला आलास.”

त्या गोळ्यांवर त्यांचा फार राग. महिनोन् महिने तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवायची, तीच पट्टी आणायची, डोकं जड ठेवून फिरायचं, आणि मूळ दुखणं होतं तिथेच. त्यातल्या कित्येकांचं दुखणं पाच मिनिटांत जाण्यासारखं असायचं. ते समजवायला सरांच्या टेबलावर एक खेळणं होतं. गवंडी लेव्हल बघायला पारदर्शक नळी वापरतात ना, तिचा वीतभर तुकडा. तो गोल वळवून, पाणी भरून, त्यात पालीच्या किनाऱ्यावरची चिमूटभर वाळू टाकून त्यांनी टोकं एकमेकांत बसवली होती. पेशंटच्या नाकासमोर ती धरून सांगायचे, “कानाच्या आत अशा नळ्या असतात, तोल सांभाळणाऱ्या. शेजारी एक पिशवी असते, तिच्यात बारीक खडे असतात. ते जागेवर असले की गुमान असतात. सुटून नळीत शिरले की उपद्रव. आता बघा, नळी फिरवली तर वाळू लगेच पडत नाही. एक, दोन, तीन, आता पडली. तुमची चक्करही तेवढाच दम धरते, मग येते. आणि वाळू तळाला बसली की आपोआप थांबते.” मग नळी खाली ठेवून माझ्याकडे बघायचे. “सुषमा, यांना आडवं पाडू या.”

आडवं पाडणं हा आमच्या दवाखान्यातला शब्द. पेशंटला टेबलावर पाय पसरून बसवायचं, मान एका बाजूला अर्धी वळवायची आणि सांगून-सवरून पण झटक्यात मागे निजवायचं, असं की डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबतं राहील. मग डोळे बघायचे. खडे त्या बाजूच्या कानात असतील तर दोन-चार आकडे काहीच होत नाही आणि मग बुबुळं नाचायला लागतात. गोल फिरत कपाळाकडे उडतात, तीस-चाळीस मोजेपर्यंत नाचतात आणि दमून थांबतात. बाजू कळली की तिथूनच उपाय सुरू. मान या बाजूला, मग त्या बाजूला, मग कुशीवर वळून नाक जमिनीकडे, मग उठून बसायचं, आणि प्रत्येक वळणावर स्थिर राहून मोजायचं. खडे नळीतून घरंगळत परत पिशवीत. औषध नाही, सुई नाही.

जयंतीभाई फरसाणवाले पाच वर्षं मानेला पट्टा बांधून गाठिया तळत होते. दवाखाना डोक्यावर आणि पट्टा गळ्यात, असा प्रकार. सरांना चहाबरोबर फाफडा पाठवायचे, पण दाखवायला कधी आले नाहीत, कारण मान म्हणजे हाडांचा डॉक्टर, त्याचा कानाशी काय संबंध. एकदा वरच्या बरणीकडे हात नेताना ते कढईच्या दिशेला झोकांडले. सर खाली चहा पीत उभे होते, त्यांनी धरलं म्हणून थोडक्यात वाचले. त्याच पावली सरांनी त्यांना वर आणून आडवं पाडलं. जयंतीभाईंनी माझं मनगट असं घट्ट धरलं की वळ उठले. “डॉक्टरसाब, मैं गिर रहा हूँ, पकडो.” सर म्हणाले, “गिरो, गिरो. नीचे मैं हूँ.” दहा मिनिटांनी ते उठून बसले, छताकडे बघितलं, परत बघितलं, पट्टा सोडला आणि तिथेच ढसाढसा रडले. पाच वर्षं ते जिन्यातली बत्ती बदलायलाही वर बघत नव्हते. तो पट्टा सरांनी भिंतीवर खिळा ठोकून टांगला. पुढे त्या खिळ्यावर आणखी चार पट्टे आले. नवा पेशंट विचारायचा, हे कशाला? सर सांगायचे, “लोकांनी नवस फेडलेत.”

रविवारी चर्च झालं की सर पालीला जायचे आणि तिथे घराच्या ओटीवर खुर्ची टाकून बसायचे. तिथल्या रेजिनमावशी त्यांच्या लांबच्या नात्यातल्या. साठीची बाई, दिवसभर बोंबील वाळत घालणार. टोपलीत वाकायचं, जोडी उचलायची, मान वर करून उंच दोरीवर टांगायची, परत वाकायचं. त्यांना खाली-वर बघताना भोवंड यायला लागली आणि एक दिवस त्या टोपलीसकट आडव्या झाल्या. गावात कुणी म्हणालं पितात, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. सून त्यांना दोरीकडे फिरकू देईनाशी झाली, आणि त्या बाईने सहा महिने घरात बसून काढले. सरांना कळलं तसे ते मला घेऊन गेले. ओटीवरच्या बाकड्यावर त्यांनी मावशींना निजवलं, सगळी गल्ली जमली. खडे उजव्या कानात निघाले. उठून बसल्यावर मावशी म्हणाल्या, “इनास, झालं? एवढंच?” सर म्हणाले, “एवढंच हाय, मावशे. उद्या बोंबील घाल.” मावशींशी बोलताना सरांची जीभ आपोआप पालीला जायची, आणि माझ्याकडे वळले की परत भाईंदरला. पुढच्या सोमवारी मावशी सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन दवाखान्यात हजर. बाहेर बसलेल्या चार जैन बायका नाकाला पदर लावून उठून गेल्या. सर तेवढ्यापुरते गोरेमोरे झाले, मग पिशवी माझ्या काचेच्या खोलीत ठेवायला लावली. आठ दिवस माझे पेशंट बीप ऐकण्याऐवजी वास कसला येतोय हेच विचारत होते.

आता त्यांच्या दोन सवयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर येऊन ठेपतं.

पहिली जिन्याची. आमच्या दवाखान्याला लिफ्ट नव्हती, सरळ दगडी जिना. लोक म्हणायचे, डॉक्टर, चक्करवाल्याला जिना चढायला लावता, हे काय. सर म्हणायचे, अर्धी तपासणी जिन्यातच होते. पावलं वाजायला लागली की ते बोलणं थांबवून ऐकायचे. “खडेवाला माणूस घाबरत चढतो, पण त्याचं पाऊल सरळ पडतं,” ते मला सांगायचे. “ज्याची पावलं फाकतात, जो भिंत चाचपत येतो, तो आपला नाही. त्याच्या कानात काही नाही, डोक्यात आहे. त्याला टेबलावर घ्यायचंच नाही. रिक्षा बोलवायची आणि हॉस्पिटल.” तसे दोन पेशंट त्यांनी जिन्यातूनच परस्पर पाठवले होते. एकाची बायको पेढे घेऊन आली होती.

दुसरी सवय म्हणजे नियमच होता. पेशंटला आडवं पाडल्यावर आधी बघणाऱ्याने बोलायचं. सर मान धरायचे आणि मी डोळे बघायची. मी बघून रजिस्टरात बाजू लिहीपर्यंत खोलीत कुणी चकार शब्द काढायचा नाही. पेशंटने नाही, सरांनीही नाही. याच्यामागे त्यांची एक जुनी खंत होती. शिकत असताना त्यांचे प्रोफेसर एका बाईला बघून “डावा” म्हणाले, म्हणून यांनीही “डावा” म्हटलं. “मला डोळे उजवा सांगत होते, सुषमा. स्वच्छ दिसत होतं. पण सर बोलून गेले होते ना. ती बाई पुढे तीन आठवडे उलट्या करत होती.” हे सांगताना ते दर वेळी नळी हातात घेऊन उगाच फिरवत बसायचे. “मोठा माणूस आधी बोलला की लहान माणसाचे डोळे मिटतात. म्हणून मोठ्याने तोंड बंद ठेवायचं.”

आणि मी काही मुळूमुळू रडणारी बाई नाही, हे सांगायला हवं. माझं तोंड नवघरभर, म्हणजे आमच्या अख्ख्या वस्तीत, प्रसिद्ध आहे. एकदा एका पेशंटला सरांनी मनात उजवा धरला होता आणि मी रजिस्टरात डावा लिहिला. सरांनी वाचलं, भुवया वर केल्या, पुन्हा आडवं पाडलं. डावाच होता. त्या दिवशी त्यांनी खालून सगळ्यांसाठी जिलेबी मागवली आणि पुढचा महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “या बाईने मला पाडलं.” म्हणजे मला बोलता येत होतं. मी बोलले होते. त्यामुळे पुढे जे झालं त्याला सबब नाही.

तो मंगळवार होता. सरांच्या मिसेस, हिल्डा मॅडम, बहिणीकडे गेल्या होत्या. नवघरच्या घरून सर एकटेच निघाले आणि कधी नव्हे ते अर्धा तास उशिरा आले. बाहेर सहा जण बसले होते. मी जिन्यात त्यांचं पाऊल ऐकलं आणि मला ते ओळखूच आलं नाही. एक पाऊल इकडे, एक तिकडे, आणि मध्ये भिंतीवर हात घासल्याचा आवाज. मला वाटलं नवा पेशंट आहे. दारात बघते तर सर. चपला काढताना त्यांनी दाराची चौकट धरली.

“सुषमा, मला आडवा पाड,” आत येत ते म्हणाले. “सकाळी उठताना घर फिरलं. उजवा आहे. झालं एकदाचं, कानवाल्याच्याच कानात खडे. चल लवकर, बाहेर लोक बसलेत.”

त्यांनी आधी सांगून टाकलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मी त्यांची मान उजवीकडे वळवली आणि त्यांना मागे निजवलं. डोळे तिथल्या तिथे नाचायला लागले. एक आकडासुद्धा मोजायला मिळाला नाही. आणि ते कपाळाकडे उडत नव्हते, गोल फिरत नव्हते. सरळ खाली, हनुवटीकडे उडत होते. मी मोजत राहिले. तीस झाले, चाळीस झाले, साठ झाले. डोळे दमले नाहीत. ही वाळू नव्हती. वाळू दम धरते आणि नंतर बसते, हे मी हजारदा त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं.

“उजवाच ना?” सरांनी विचारलं.

“हो सर. उजवा.”

“लिही.”

मी लिहिलं. रजिस्टरात तारीख, नाव, आणि पुढे ‘उजवा’. माझ्याच अक्षरात.

का लिहिलं, याचा मी तेव्हापासून विचार करतेय. मनात आलं की मला नीट दिसलं नसेल, डोळे बघणारी मी कोण, सर सांगतायत म्हणजे तसंच असेल. हे सगळं खरं आहे, पण पुरतं खरं नाही. खरं हे की मी घाबरले. मला जे दिसलं ते खरं असलं तर पुढे काय करायचं हे मला पाठ होतं. रिक्षा बोलवायची आणि हॉस्पिटल. म्हणजे हा माणूस आपला नाही, असं मला इनास सरांबद्दल म्हणावं लागणार होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही.

मी त्यांना चारी वळणं दिली. ते भडाभडा ओकले. “होतं असं,” ते म्हणाले, “वाळू बसेल. परत कर.” मी परत केलं. मग ते खुर्चीत बसले आणि पेशंट आत सोडायला सांगितले. मी सोडले. दोन पेशंट झाले. तिसऱ्या एक शाळेतल्या बाई होत्या, त्या दोनच मिनिटांत बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “अहो, डॉक्टरांना बरं नाहीये. ते काय बोलतायत तेच कळत नाहीये. पेन हातातून पडतंय.” जिने आयुष्यात कुणाचे डोळे तपासले नाहीत त्या बाईला दिसलं आणि ती बोलली.

जयंतीभाई आणि त्यांच्या दुकानातल्या दोघा कारागिरांनी सरांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिना उतरवला. रिक्षात सरांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. हॉस्पिटलच्या तरुण डॉक्टरने विचारलं, “कधीपासून?” मी म्हटलं, सकाळपासून. “मग आत्ता आणताय?” तो एवढंच म्हणाला आणि स्ट्रेचरमागे पळाला. लहान मेंदूची रक्तवाहिनी बंद झाली होती. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण त्याला वेळेची मर्यादा असते आणि ती वेळ आमची वाळू खाली बसण्याची वाट बघण्यात गेली होती.

सर वाचले. पण उजवा हात थरथरायचा, जीभ जड झाली, चालताना पाय फाकायचे आणि एकाच्या जागी दोन माणसं दिसायची. दवाखाना बंद झाला. हिल्डा मॅडम त्यांना घेऊन पालीच्या घरी राहायला गेल्या. सामान आवरताना ते रजिस्टर मी पिशवीत घातलं आणि घरी नेलं. कुणी विचारलं नाही. कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं.

मला मीरा रोडला कानाची मशीन विकणाऱ्या दुकानात काम मिळालं. पाली काय लांब आहे, एक बस. पण मी आठ महिने गेले नाही. फोन केला की हिल्डा मॅडमना विचारायची, सर कसे आहेत, आणि येते एका रविवारी म्हणून फोन ठेवायची. रविवार आला की मला घरात हजार कामं सुचायची. पडदे धुवायची. भ्याडपणाला किती स्वच्छ सबबी असतात, हे मला त्या आठ महिन्यांत कळलं.

शेवटी मॅडमचाच फोन आला. “सुषमा, त्यांनी तुला बोलावलंय. येताना रजिस्टर आण म्हणाले.”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं ते माझ्याकडे आहे. बसमध्ये मी ते मांडीवर धरून बसले होते. वाटलं, बरंच झालं, एकदाचं काय ते बोलून टाकतील. गल्लीत शिरले तर गाड्या अंगाला घासून जात होत्या आणि दोऱ्यांवर बोंबील लागलेले होते. सर ओटीवर खुर्चीत, अनवाणी, पाय फरशीवर सपाट टेकवून बसले होते. डोळे एका जागी ठरत नव्हते. अंगाने निम्मे झाले होते.

“आलीस,” ते म्हणाले. “बस. ते पान काढ.”

कुठलं पान, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी काढलं.

“तुला काय दिसलेलं?” त्यांची शहरातली बोली आजारात कुठे तरी गळून गेली होती, माझ्याशीही ते आता पालीसारखंच बोलत होते. “खरं सांग. मना राग न्हाय येणार.”

मी सांगितलं. लगेच सुरू झाले. खाली उडत होते. साठ मोजले.

“थांबले न्हाय?”

“नाही सर.”

“आणि जिन्यात?”

“भिंत चाचपत आलात.”

ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे तू बरोबर बघितलं होतंस.” आणि डोळे उघडून म्हणाले, “मी आधी बोललो. माझाच नेम, मीच मोडला.”

मी म्हटलं, “पण मी नंतर तरी बोलायला हवं होतं.”

मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे. ते तसं म्हणाले नाहीत. “हां,” ते म्हणाले. “बोलायला हवं होतं.” आणि त्यांनी थरथरता हात माझ्या डोक्यावर ठेवला. मी तिथे रडले, पोटभर रडले. मॅडमनी पाणी आणून दिलं आणि काही न विचारता आत गेल्या.

तेवढ्यात रेजिनमावशी आल्या, त्यांनाही सरांनीच बोलावलं होतं. त्यांची भोवंड परत सुरू झाली होती. खडे पुन्हा सुटतात कधी कधी. मावशी सवयीने बाकड्यावर पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, “इनास, या टायमाला पण उजवाच असल. मना वाटतं...”

“मावशे, गप,” सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तू बघ.”

मी उठले. मावशींच्या मागे उभी राहून त्यांचं डोकं धरलं.  मी सरांकडे पाहिलं. ते खुर्चीत पुढे झुकले होते. त्यांनी आपला डावा हात उचलला आणि तळवा तोंडावर घट्ट दाबून धरला, शाळेतल्या पोराने धरावा तसा. असे ते माझ्याकडे बघत बसले.

आधी उजवीकडे पाडलं. चाळीस मोजले. डोळे शांत. उठवलं, थांबले, मग डावीकडे पाडलं. एक, दोन, तीन, चार. आणि बुबुळं गोल फिरत कपाळाकडे उडायला लागली. मावशींनी माझं मनगट पकडलं. मी मोजत राहिले. पस्तिसाला ती दमली आणि थांबली.

“डावा,” मी म्हटलं.

सरांनी हात काढला नाही. दुसऱ्या हाताचं थरथरतं बोट रजिस्टराकडे केलं. बाकड्याच्या टोकाला टेकून, मावशींचं डोकं मांडीवर घेऊन, त्याच पानावर, त्या दिवसाच्या ‘उजवा’च्या खाली मी लिहिलं, ‘डावा’. मग त्यांनी तोंडावरचा तळवा खाली घेतला.

“आता मी बोलू?” त्यांनी विचारलं.

“बोला ना, सर.”

“मना हितून काय दिसत न्हाय,” इनास सर म्हणाले. “तू म्हणतेस तर डावाच.”